मनगटावरचा वार कोणाचा?

पत्र थोडक्यात असं: एक वाचक मैत्रीण काही जणांसोबत ऑनलाइन रोलप्ले लिहिते. प्रत्येकाचं एक पात्र; एकाने पोस्ट लिहायची, दुसऱ्याने तिथून गोष्ट पुढे न्यायची. काही वर्षांपासून ती जुन्या युरोपीय पद्धतीची तलवारबाजीही शिकते आहे. सध्या कथेत एका अरुंद पुलावर तिची पहारेकरीण आणि सहलेखक मित्राचा परागंदा राजपुत्र समोरासमोर आले आहेत. मित्राच्या पोस्टमध्ये राजपुत्राने कठड्यावरून उडी घेतली, हवेत गिरकी मारली आणि पहारेकरणीचं शिरस्त्राण दुभंगलं. हिने उत्तर लिहिलं, की पोलादी शिरस्त्राण असं फुटत नाही, त्यामुळे वार घसरला. आणि राजपुत्राचे पाय जमिनीला लागायच्या आत पहारेकरणीने त्याचं मनगट कापलं. तीन ओळींत लढाई खलास. मित्र म्हणाला, "तू मजा घालवलीस." हिचं म्हणणं, "तू ताळतंत्र सोडलंस." तेव्हापासून कथा अडली आहे आणि गटातले बाकीचे गप्प आहेत. तिचे प्रश्न दोन: थरार टिकवायचा तर वास्तवावर किती पाणी सोडायचं? आणि चुकीचं दिसत असताना गप्प बसायचं का?

नमस्कार,

मनगटाबद्दल तुमचं बरोबर आहे. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही तिथेच अडून राहणार नाही. तलवार धरलेला हात शत्रूच्या सगळ्यात जवळ असतो, म्हणून बऱ्याचदा तोच आधी सापडतो. मुठीभोवतीच्या परजा आणि कड्या वाढत गेल्या त्या शोभेसाठी नव्हे. शिरस्त्राणाबद्दलही बरोबर. परीक्षा असती तर तुम्हाला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

पण तुम्ही पाठवलेल्या दोन्ही पोस्ट मी लागोपाठ वाचल्या आणि मला त्यात वास्तव विरुद्ध थरार असं भांडण सापडलं नाही. राजपुत्राने वार केला, आणि तो पहारेकरणीला कुठे व किती लागला हेही राजपुत्राच्याच लेखकाने ठरवून टाकलं. मग पहारेकरणीने वार केला, आणि तो राजपुत्राला कुठे व किती लागला हे तुम्ही ठरवलंत. दोघांनी एकच गोष्ट केली. त्याने ती उडी मारून केली, तुम्ही शरीरशास्त्राच्या आधाराने केलीत, एवढाच काय तो फरक.

पटत नसेल तर अशी कल्पना करून पाहा. तुमच्या मित्राने उडीबिडी काही न लिहिता लिहिलं असतं, की राजपुत्र सरळ जवळ आला, त्याने डाव्या हाताने पहारेकरणीचा कोपर वर ढकलला आणि चिलखताच्या फटीतून बगलेत टोक खुपसलं, ती कोसळली. तंत्र म्हणून त्यात खोट काढायला जागा नाही. तुम्हाला आनंद झाला असता? मला नाही वाटत. आता उलट पाहा. त्याने तीच अचाट उडी लिहिली असती, पण तलवार तुमच्या पात्राच्या डोक्याच्या रोखाने खाली येतेय इथेच पोस्ट थांबवली असती, तर तुम्ही बहुधा कपाळाला हात लावला असता, हसला असता आणि उत्साहाने पुढची पोस्ट लिहायला घेतली असती. तुम्हाला खुपली ती तुमच्या पात्राच्या अंगावर त्याने परस्पर चालवलेली सत्ता. गिरकीचा राग त्या रागावर पांघरलेला आहे.

रोलप्ले करणारे याला गॉडमॉडिंग म्हणतात, काही जण पॉवरप्ले म्हणतात. नाव कुठलंही असो, नियम साधा आहे आणि तुम्हाला तो ठाऊकही असेल: आपल्या पात्राने काय करायचा प्रयत्न केला ते आपण लिहायचं, समोरच्याला त्याचं काय झालं ते समोरच्याने. बुद्धिबळात आपण समोरच्याचा घोडा हलवत नाही, मग आपली चाल कितीही शास्त्रशुद्ध असो. ठाऊक असूनही हा नियम मोडला जातो तो बहुतेक वेळा रागात, आणि रागाला "पण हे खरंच असं होतं" हे कारण फार सोयीचं पडतं.

तुमचीच पोस्ट घ्या. तुम्ही लिहिलंत: "तो जमिनीवर टेकायच्या आत तिने त्याचं मनगट कापलं. तलवार गळून पुलाखाली गेली." हेच असं लिहून पाहा:

"तो कठड्यावरून झेपावतोय हे दिसलं तरी ती मागे सरली नाही. उलट अर्धं पाऊल पुढे टाकून तिने पातं आडवं धरलं, त्याची मूठ जिथून खाली येईल नेमकं तिथे. वार डोक्यावर बसला तर शिरस्त्राण टिकेल, मान टिकेलच असं नाही. पण त्याआधी त्याचा हात तिच्या धारेवरून जाणार होता. त्याला ते दिसलं असेल का?"

तुमचं सगळं ज्ञान यात आहे. हात आधी सापडतो, हवेत असलेल्या माणसाला दिशा बदलता येत नाही, शिरस्त्राणाने कवटी वाचली तरी धक्का आत पोचतोच. पण आता मित्रापुढे खरा पेच आहे आणि तो सोडवायचा त्याने आहे. तो मनगट फिरवून वार सोडून देईल, किंवा मुद्दाम तोल घालवून अंगानिशी तिच्यावर कोसळेल, किंवा होय, दिसलंच नाही असं म्हणत हात कापून घेईल. माझा अंदाज सांगू? अशी जागा मिळाली की पुष्कळ लेखक स्वतःहून जखम घेतात. लादलेली जखम अपमान वाटते; स्वतः निवडलेली जखम पात्राला दहा पानं पुरते.

एका पोस्टमध्ये किती मावावं, याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही, पण दोन्ही पोस्ट पाहता त्यावर बोलायला हवं. त्याने एका दमात उडी, गिरकी, वार आणि परिणाम उरकले. तुम्ही बचाव, पाऊल, प्रतिवार आणि परिणाम. मधल्या तीन ठिकाणी समोरच्याला काहीतरी करावंसं वाटलं असतं, ती संधीच गेली. एका पोस्टमध्ये एक निर्णय, एवढं माप मला पुरेसं वाटतं. निर्णय म्हणजे हालचाल नव्हे. दोन पावलं, एक हूल आणि एक वार मिळून एकच निर्णय होऊ शकतो. पण जिथे समोरचा माणूस काहीतरी वेगळं करू शकला असता तिथे कलम खाली ठेवायचं. आणि समोरच्याच्या मागच्या पोस्टमधली निदान एक गोष्ट आपल्या पोस्टमध्ये खरी ठरू द्यायची. त्याची उडी तुम्ही वाया घालवलीत, हे त्याला मनगटापेक्षा जास्त झोंबलं असेल.

आता तुमच्या दुसऱ्या गृहीतकाकडे येते. तुम्ही लिहिता, "खरी लढत दोन-तीन वारांत संपते, त्यात थरार कुठून आणणार?" पहिला भाग बऱ्याच अंशी खरा. दुसऱ्यावर माझा विश्वास नाही.

10 जुलै 1547 रोजी पॅरिसजवळच्या सेंट-जर्मेन इथे राजा दुसरा हेन्री आणि सगळा दरबार यांच्यासमोर एक द्वंद्व झालं. एका बाजूला ला शातेन्येरे, राजाच्या मर्जीतला, नावाजलेला तलवारबाज. दुसऱ्या बाजूला जार्नाक, ज्याच्यावर कुणी पैज लावली नसती. भांडण बदनामीचं होतं आणि आधीच्या राजाने या द्वंद्वाला परवानगी नाकारली होती. जार्नाकने एका इटालियन उस्तादाकडे शिकवणी लावली. शस्त्रं आणि चिलखतं कोणती असावीत यावर घासाघीस झाली. ठरलेल्या दिवशी दिवसाचा बराचसा वेळ शपथा, घोषणा आणि हत्यारांची तपासणी यांतच गेला. आणि मग प्रत्यक्ष लढत अगदी थोडक्यात आटोपली: जार्नाकने प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्यामागची शीर कापली आणि तो माणूस उभा राहू शकला नाही.

तुमच्या हिशेबाने गोष्ट इथे संपली. पण दरबाराचा श्वास अडकला तो यानंतर. जार्नाकने त्याला मारलं नाही. शब्द मागे घे, म्हणाला. त्याने नाही घेतले. मग जार्नाक राजाकडे वळून विनवू लागला, की माझी अब्रू मला परत द्या आणि या माणसाचा जीव तुम्ही पदरात घ्या. राजा गप्प. पुन्हा विनवणी. जमिनीवर पडलेल्याचं रक्त वाहतंय, आणि राजाला आपल्या आवडत्या माणसाचा पराभव तोंडाने मान्य करवत नाहीये. शेवटी राजाने मान्य केलं. पण ला शातेन्येरे वाचला नाही. जखमेवरच्या पट्ट्या त्याने स्वतःच उपटून काढल्या असं सांगतात.

यातला वार लिहायला एक वाक्य लागतं. बाकी सगळं त्या वाराच्या अलीकडे आणि पलीकडे आहे, आणि त्यातलं काहीही अवास्तव नाही. तुमच्या पुलावर राजपुत्राचं मनगट कापलं गेलंच, तर पुढे काय? पहारेकरीण त्याला मरू देते का? तो कोण आहे हे तिला ठाऊक आहे का? तो शरण येण्याऐवजी पाण्यात उडी टाकेल का? तुम्ही लढाई लवकर संपवलीत याची तक्रार मी करणार नाही. तुम्ही मागे काहीच उरू दिलं नाहीत, अशी मात्र आहे.

आणि लढत लांबवायचीच असेल, तर तेही वास्तव न सोडता जमतं. फियोरे देई लिबेरी नावाचा एक इटालियन उस्ताद 1410 च्या सुमारास लिहून गेला आहे. जळफळणाऱ्या दुसऱ्या उस्तादांशी आपण पाच वेळा धारदार तलवारींनी लढलो, असं तो सांगतो. अंगावर फक्त गादीचा अंगरखा आणि कातडी हातमोजे. आणि पुढे म्हणतो, की अशा एका लढतीपेक्षा चिलखत घालून रिंगणात तीनदा लढणं मी पत्करेन, कारण धारदार तलवारींसमोर एक बचाव चुकला की मरण, पण चिलखतात माणूस बरेच वार खाऊनही जिंकू शकतो. हे वाक्य रोलप्ले लिहिणाऱ्यांनी भिंतीवर लावावं. लढत किती चालणार हे अंगावर काय आहे त्यावर ठरतं. दोन परिच्छेदांत संपवायची आहे? दोघांना सदऱ्यावर उभं करा. तीन दिवस रंगवायची आहे? चिलखतं चढवा. मग वार बसतील, धक्के लागतील, माणसं पडून उठतील. पातं मधोमध धरून टोक फटीत घालायची धडपड, कुस्ती, मुठीच्या टोकाने तोंडावर हाणणं, सगळं करता येईल. पोलाद कापायची गरजच पडणार नाही.

चिलखत एकटंच नाही. काळोख आहे, अरुंद जिना आहे, मध्ये आलेलं तिसरं माणूस आहे. दम लागणं तर सगळ्यात मोठं. मला स्वतःला सर्वांत आवडणारं कारण म्हणजे दोघांपैकी एकाला दुसऱ्याला मारायचं नसणं. जिवंत पकडायच्या माणसाशी लढणं हे ठार मारण्यापेक्षा कितीतरी लांबतं आणि अवघड होतं. तुमची पहारेकरीण पुलावर आहे म्हणजे तिला रस्ता अडवायचा आहे. खून करायची तिला गरजही नाही. हे ध्यानात घेतलं असतं तर पहिला वार मनगटावर गेलाच असता का, याचा विचार करा.

तुमच्या तलवारबाजीच्या शिकवणीबद्दल थोडं रागावून घ्या, पण ऐका. बोथट पोलाद, डोक्यावर जाळीचा मुखवटा आणि स्पर्श झाला की थांबायचं, हे वास्तव आहे, पण तिथलं. धारदार पात्यासमोर माणूस काय करतो हे तिथे पूर्णपणे कळत नाही. तिथे कुणी घाबरून आंधळेपणाने अंगावर येत नाही, किंवा आलाच तर तुम्हाला गुण मिळतो आणि तो हसून मागे होतो. प्रत्यक्षात जिवावरची जखम झालेला माणूसही काही क्षण, कधी त्याहून जास्त, लढत राहू शकतो, आणि तेवढ्यात दुसऱ्यालाही घेऊन जातो. 1712 च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये हॅमिल्टनचा ड्यूक आणि लॉर्ड मोहन तलवारी घेऊन एकमेकांसमोर आले. मागे मालमत्तेचा दीर्घ खटला होता. दोघेही मेले. जुन्या उस्तादांच्या लिखाणात तर ही काळजी सतत डोकावते: वार करायचा कसा याच्याइतकीच, तो करताना उलटा खायचा नाही कसा.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की यात तुमच्या अडलेल्या कथेचा मार्ग आहे. रोलप्लेमधली निम्मी भांडणं "हरायचं कुणी" यावर होतात. दोघांनाही लागतं, हे उत्तर वास्तवाला धरून आहे आणि कुणाचाच मान जात नाही. तिची पोटरी, त्याचा हात. आता पूल ओलांडायचाय आणि एकाला चालता येत नाही, दुसऱ्याला धरता येत नाही. मला तर ही पोस्ट वाचायला आवडेल.

मग वास्तवातलं ठेवायचं काय? सगळं नाही. माझ्या मते सर्वांत आधी अंतर. कोण कोणाच्या टप्प्यात आहे हे वाचणाऱ्याला प्रत्येक क्षणी कळलं, तर बाकी शंभर चुका खपतात. ते कळलं नाही तर अचूक तंत्रही गोंधळ वाटतं. जॉर्ज सिल्व्हर हा इंग्रज तलवारबाज 1599 मध्ये हेच निराळ्या तऱ्हेने सांगत होता: हात पायापेक्षा वेगवान असतो. नुसता हात हलवून पोचता येतं तिथे वार दिसेपर्यंत बसलेला असतो; पाऊल टाकावं लागतं तिथे समोरच्याला वेळ मिळतो. लेखकासाठी ही गोष्ट सोन्याची आहे. संवाद हवाय, विचार हवाय, डोळ्यांतला संशय हवाय, तर पात्रांना पाऊलभर लांब ठेवा. जवळ आली की वाक्यं आखूड करा आणि बोलणं बंद.

दुसरं म्हणजे जखम टिकली पाहिजे. आज हात कापला आणि चौथ्या पोस्टमध्ये त्याच हाताने दोरावर चढला, की मागची सगळी लढत खोटी पडते. गिरकीने जेवढं नुकसान होत नाही तेवढं या विसराळूपणाने होतं. कुणीतरी एकाने कोणाला कुठे लागलंय याची साधी नोंद ठेवावी. ते काम तुम्ही घ्या, तुम्हाला जमेल.

वजनाबिजनाच्या बाबतीत फार ताणू नका. एका हाताची तलवार साधारण किलोभराची, दोन्ही हातांनी धरायची लांब तलवार दीड किलोच्या आसपास. ती उचलताना कुणी कण्हत नाही, एवढं ध्यानात असलं की झालं. चामड्याच्या म्यानातून तलवार काढताना खणखणाट होत नाही हेही खरं, पण कुणी लिहिलाच तर लिहू द्या. त्यावरून कथा मोडू नये.

सोडायचं काय, तर पवित्र्यांची नावं, वारांचे कोन, पात्याचा कुठला भाग कुठल्या भागावर. "डाव्या खांद्यावरच्या पवित्र्यातून तिने पंचेचाळीस अंशांत तिरपा वार उतरवला, मनगट उलटं करत पात्याच्या मागच्या धारेने…" असं वाक्य तुमच्या जुन्या पोस्टमध्ये तीन ठिकाणी आहे. वाचणारा तिथे लढाई पाहायचं सोडून मनात आकृती काढत बसतो. तुम्हाला तो वार कसा होतो हे ठाऊक आहे म्हणून तो करावासा पात्राला का वाटला, हे तुम्ही इतरांपेक्षा चांगलं लिहू शकता. तंत्र त्या "का"मध्ये खर्च करा.

त्याच्या गिरकीचं काय? मी ती बंद करायला सांगणार नाही. तुमच्या जगात जादू आहे की नाही, अचाट उड्या कितपत चालतात, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि खरं तर गटानेही ते कधी ठरवलेलं दिसत नाही. एकाच्या डोक्यात चिखल आणि रक्त, दुसऱ्याच्या डोक्यात वीज आणि झगे, अशी सरमिसळ असेल तर कुणीच चूक नाही, फक्त दोघं वेगवेगळ्या गोष्टी लिहिताहेत. गिरकी घेतली की पाठ दिसते. ही माहिती मित्राला चूक म्हणून सांगण्याऐवजी कथेत किंमत म्हणून ठेवा: राजपुत्राला दिखाऊपणाची खोड आहे, त्याला पाहणारे लागतात, आणि ती खोड आज ना उद्या त्याला महागात पडणार. पण ती किंमत वसूल करायची घाई तुम्ही करायची नाही. पहारेकरणीला ती फट दिसते, ती यावेळी वार करत नाही, लक्षात मात्र ठेवते. एवढ्यावर सोडा. मित्र शहाणा असेल तर ते हेरेल आणि पुढे कधीतरी स्वतःच वापरेल.

तरीही एखादी गोष्ट डोळ्यांना फारच खुपली तर बोलायचं का? बोला, पण कथेबाहेर, एकट्याशी, आणि पोस्ट पडण्याआधी जमलं तर उत्तम. कथेच्या आत पात्राच्या तोंडून किंवा निवेदनातून दुरुस्ती करणं सर्वांत वाईट. तुम्ही नेमकं तेच केलंत आणि तेही सगळ्यांसमोर. बाकीचे गप्प आहेत ते त्याच्या बाजूने आहेत म्हणून नसावेत. दोन जणांच्या हमरीतुमरीत पात्र घेऊन शिरायचं कुठून, हे त्यांना कळत नसेल.

आता पर्याय. फासे टाकून निकाल लावणं काही गटांत चालतं. ते निष्पक्ष असतं आणि कुणाचा कुणावर राग राहत नाही. पण ज्यांना लिहिण्याची ओढ आहे त्यांना फाशांनी दिलेला मूर्ख निकाल सजवत बसायचा कंटाळा येतो, आणि तुमचा गट त्यातला वाटतो. तिसऱ्या कुणाला पंच नेमणं मला पसंत नाही, तो बिचारा दोन्हीकडून बोलणी खाईल. गट सोडून वास्तववादी लोक शोधणं हाही मार्ग आहे आणि त्यात कमीपणा नाही. तलवारीच्या बारकाव्यांवरच जीव असेल तर तसा जोडीदार हवाच. पण तुमच्या पत्रात राजपुत्राबद्दल जे लिहिलंय, त्याचं बोलणं, त्याचा मानभावीपणा, ते वाचून मला वाटतं की तुम्हाला तो माणूस लिहायला आवडतो. तेव्हा सोडण्याआधी निकाल आधी ठरवून पाहा.

यावर तुमची हरकत मला ऐकू येतेय: निकाल ठरला तर मजा काय? वाचणाऱ्याला निकाल माहीत नसतो, आणि तुम्हा दोघांना तो कसा येणार हे माहीत नसतं. तेवढं अज्ञान पुरतं. उलट हरायची भीती गेली की माणसं मोकळेपणाने लिहितात. जिंकायची चिंता करणारा लेखक आपल्या पात्राला ओरखडाही पडू देत नाही, आणि ओरखडा न पडणाऱ्या पात्राच्या लढाईत पाहण्यासारखं काही नसतं.

मित्राला काय लिहायचं ते सुचत नसेल तर हे घ्या, हवं तसं बदला:

"पुलावरच्या माझ्या पोस्टमध्ये तुझ्या राजपुत्राला काय झालं ते मी ठरवून टाकलं. ते बदलते. तूही शिरस्त्राणाचं तेवढं बदलशील? वार येतोय इथपर्यंत ठेव, तो झेलायचा कसा ते मी बघते. तुझी उडी राहू दे. पुढे जाण्याआधी मला चार गोष्टी सांग: या लढाईतून तुला राजपुत्राला कुठे न्यायचंय, त्याला कुठली जखम चालेल, कुठली अजिबात नको, आणि किती पोस्टमध्ये उरकायचं. माझं सांगते: तिचा जीव सोडून काहीही चालेल, आणि ती हरली तरी मला हरकत नाही, पण पूल तिने फुकट सोडला असं दिसायला नको."

यात शिरस्त्राणं का फुटत नाहीत याचा खुलासा जोडायचा मोह होईल. जोडू नका, त्याने विचारलं तर सांगा, आणि तो विचारेल असं मला वाटतं, कारण तलवार खरोखर हातात धरणारा माणूस गटात असणं ही चैन आहे.

आठवडाभर वाट पाहा. उत्तर नाहीच आलं तर गटातल्या तिसऱ्या कुणाला त्याच्या पात्रानिशी पुलावर बोलवा. घोडेस्वार, आग, पुराचं पाणी, काहीही चालेल. दोन्ही तलवारी कुणालाही न लागता बाजूला होऊ द्या आणि बाकीच्यांची गोष्ट सुरू करा. अर्धवट राहिलेलं द्वंद्व दोन्ही पात्रांना पुढे कधीही उपयोगी पडतं.